वलवणचे पाणी आणि राखीव वाट

मावळात पाऊस पडतो चार महिने आणि मुंबईच्या गिरण्यांना शक्ती लागायची बारा महिने. हा मेळ बसवण्यासाठी वलवणचे धरण बांधले गेले. सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करण्याची कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीत तडीस गेली नाही; १९०४ मध्ये ते वारले. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची नोंदणी झाली, १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे वीजघर सुरू झाले. इंद्रायणीच्या खोऱ्यातले पाणी एरवी पूर्वेला भीमेकडे, कृष्णेकडे जायचे. ते अडवले आणि उलट्या अंगाने, पश्चिमेला घाटाखाली सोडले. शिरवत्याच्या तलावातले पाणी बोगद्याने वलवणात येते. वलवण आणि लोणावळा या तलावांचे पाणी खंडाळ्याच्या टाकीकडे वाहते. तिथून पोलादी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरून ते खोपोलीत पेल्टन चाकांवर आदळते. लोणावळ्याचा तलाव उथळ, त्याचा उपयोग मुख्यतः पावसाळ्यात. उरलेल्या आठ महिन्यांची बेगमी वलवण आणि शिरवता यांच्यावर. म्हणजे राखीव साठा ही या योजनेतली मागाहून सुचलेली पुरवणी नव्हती, योजनेचा पायाच तो होता. तरीही राखून ठेवलेली गोष्ट वेळेला कामी येतेच असे नाही, आणि या परिसराच्या इतिहासात याचे जितके दाखले एका ठिकाणी सापडतात तितके क्वचितच दुसरीकडे सापडावेत. दुसरी वाट बांधणे हा पैशाचा आणि दगडमातीचा प्रश्न आहे. ती वाट केव्हा बंद ठेवायची, केव्हा उघडायची, पहिली वाट मोडली हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, हा नियमांचा प्रश्न आहे. आणि राखीव वाटा फसतात त्या बहुधा या दुसऱ्या प्रश्नापाशी. आज दोन इथरनेट स्विचांमध्ये बॅकअप लिंक टाकून फेलओव्हर बसवणारा इंजिनियर ज्या अडचणींशी झगडतो, त्या वलवण, खंडाळा आणि खोपोली यांच्यामधल्या या डोंगरउतारावर फार आधीपासून सोडवल्या जात आहेत, आणि कधी कधी सुटलेल्याही नाहीत.

आधी घाटवाटा घेऊ. लोणावळ्याच्या आसपास कोकणात उतरायला एकच वाट कधीच नव्हती. बोरघाट मुख्य, त्यावर राजमाचीची नजर. एका अंगाला कुरवंड्याची वाट, दुसऱ्या अंगाला आंदर मावळातून उतरणारी कुसूरची. नुसता नकाशा पाहणाऱ्याला वाटेल की एक अडली तर दुसरी आहेच. १६६१ च्या फेब्रुवारीत शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान कुरवंड्याने खाली उतरला आणि उंबरखिंडीत सापडला. शिवाजी महाराजांनी खिंडीचे पुढचे तोंड धरले आणि मागचेही. खानाला शरण येऊन, खंडणी मोजून बाहेर पडावे लागले. बोरघाट त्या दिवशीही जागेवरच होता आणि तसा लांबही नव्हता, पण खिंडीत शिरलेल्या फौजेला तो असून नसल्यासारखा. लष्करी इतिहासकार या लढाईत गनिमी काव्याचे कौशल्य पाहतात आणि ते रास्तच आहे. आपल्यापुरता त्यातला मुद्दा थोडा रुक्ष आहे: वाट बदलायची जागा बिघाडाच्या अलीकडे असावी लागते. ज्या फाट्यावरून पर्यायी मार्ग सुटतो तो फाटाच मागे पडला असेल, तर पर्यायांची संख्या कितीही असो, हाती काही उरत नाही. नेटवर्कच्या आराखड्यात हीच चूक आजही नेमाने होते. इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या स्विचपासून दोन केबल निघतात, पण दोन्ही तळमजल्यावरच्या एकाच स्विचमध्ये उतरतात. तो स्विच बसला की वरचे दोन्ही पोर्ट सारखेच निरुपयोगी.

बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, आणि घाटातली रेल्वे सुरू झाली १४ मे १८६३ रोजी. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर; शिवाय खंडाळ्याजवळ गाडीची दिशाच उलटी करावी लागे असे स्थानक. चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, महुकीमल्लीचा पूल कोसळला. पुलावरून एक रूळजोडी जात असो की दोन, पूल गेला की वाट गेली. पण रेल्वेने या घाटात जी सर्वांत शहाणी गोष्ट केली ती पुलांची नव्हे, सांध्यांची. उतारावर ब्रेक निकामी झालेल्या गाडीसाठी मुख्य मार्गाच्या कडेने चढत जाणारा आणि पुढे संपणारा एक फाटा काढलेला असतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी या फाट्याकडेच लावलेला असतो. खाली येणाऱ्या गाडीने अलीकडे पुरते उभे राहायचे. ती थांबली, म्हणजेच चालकाच्या ताब्यात आहे, अशी खात्री पटल्यावरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो. जी थांबू शकत नाही ती आपोआप फाट्यावर चढते आणि तिथेच अडते. येथे कोणाला धावत जाऊन काही वळवावे लागत नाही. सामान्य स्थिती हीच सावधपणाची स्थिती आणि मोकळी वाट ही प्रत्येक गाडीने नव्याने मिळवायची परवानगी. पुढच्या शतकात संगणकांच्या जाळ्यांना जो नियम नव्याने शोधावा लागला, त्याचा गाभा या घाटातल्या सांधेवाल्याला ठाऊक होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तो नियम समजायला स्विचच्या आत थोडे डोकवावे लागते. स्विचकडे एखादी फ्रेम, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, आली आणि तिचा पत्ता त्याच्या तक्त्यात नसला, की तो ती आलेले पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून पुढे ढकलतो. सर्वांना उद्देशून असलेल्या फ्रेमचेही तेच. आता दोन स्विचांमध्ये एकाऐवजी दोन केबल साध्या लावून टाकल्या, तर पहिल्या केबलने गेलेली फ्रेम दुसऱ्या केबलने परत येते, पुन्हा पहिलीने जाते आणि फिरत राहते. इंटरनेटच्या आयपी पॅकेटमध्ये किती टप्पे उरले याचा आकडा असतो आणि तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. इथरनेटच्या फ्रेममध्ये तसा आकडाच नाही. तिला मरण नाही. उलट, दोनहून अधिक वाटा असतील तर प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात. पाहणाऱ्याला दिसते ते इतकेच, की स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एकाच लयीत भराभर लुकलुकू लागतात आणि काही सेकंदांत फाइली, छपाई, फोन सगळे ठप्प होते. केबल तुटली म्हणून नव्हे, एक केबल जास्त झाली म्हणून. राखीव वाट नुसती उघडी ठेवली तर ती मुख्य वाटेलाही घेऊन बुडते, हे इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या यंत्रणेत दिसत नाही. १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्री हा उपाय काढला आणि १९९० मध्ये तो ८०२.१डी या प्रमाणकात आला. स्विच आपसांत दर २ सेकंदांनी निरोप पाठवतात, एकाला मूळ मानतात, त्याच्याकडे जाणारी प्रत्येकाची एकच वाट उघडी ठेवतात आणि बाकीच्या अडवून धरतात. नवे पोर्ट जोडले की ते लगेच वाहतूक सोडत नाही. १५ सेकंद ऐकते, १५ सेकंद पत्ते शिकते, मग उघडते. ज्याला परवानगी मिळालेली नाही ते बंद, हाच घाटातल्या सांध्याचा न्याय. मुख्य वाट दुसरीकडे कुठे तुटली तर जुनी माहिती शिळी ठरायला आणखी २० सेकंद जातात, म्हणून पर्यायी वाट मोकळी व्हायला ५० सेकंदांपर्यंत लागत. हा उशीर कमी करणारी जलद आवृत्ती २००१ मध्ये आली. सिस्कोच्या स्विचांवर फ्लेक्स लिंक नावाची याहून साधी सोय आहे: दोन पोर्टांची जोडी लावायची, एक चालू, एक राखीव, चालूचा सांधा सुटला की राखीव पुढे येते.

विजेच्या जाळ्याशी ही तुलना सरसकट जुळत नाही, आणि तो आक्षेप आधीच घेतलेला बरा. विजेच्या वाहिन्या वर्तुळाकार जोडल्या तरी चालतात; भार आपापल्या विरोधाप्रमाणे वाटून जातो, वीज गरगरत फिरून वाढत नाही. खोपोलीनंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजघरे उभी राहिली. एकाच्या भरवशावर असलेल्या मुंबईला तीन खोऱ्यांतून वीज मिळू लागली. तिथे कोणाला अडवून ठेवण्याची गरज नव्हती. हा फरक खरा आहे. पण म्हणून विजेला नियम लागत नाही असे नाही. तिचा नियम वेगळ्या ठिकाणी आहे. थांबलेले जनित्र चालू जाळ्याला जोडताना दाब, वारंवारता आणि लाटेची अवस्था या तिन्ही जुळाव्या लागतात. एखादे जरी चुकले तर मदतीला आलेले यंत्रच हादरते. वाहिनीवर दोष आला की रिले सेकंदाच्या अंशात ती तोडतो, आणि मावळातल्या पावसात वीज कोसळून आलेला दोष बऱ्याचदा क्षणिक असतो म्हणून ती लगेच एकदा जोडून पाहण्याची सोयही असते. पुन्हा तुटली तर मात्र माणूस येऊन पाहीपर्यंत ती बंदच राहते. परतीचा हा प्रश्न नेटवर्कमध्ये तंतोतंत तसाच आहे. मुख्य लिंक परत आली म्हणजे तिच्याकडे लगेच परतायचे का? अर्धवट निसटलेला कनेक्टर दर मिनिटाला लागत-सुटत असेल तर वाहतूक इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरत राहील आणि एकही वाट नीट चालणार नाही. म्हणून फ्लेक्स लिंक मुळात परत फिरत नाही. राखीव वाट चालू झाली की तीच मुख्य, जोवर ती स्वतः पडत नाही किंवा कोणी वेगळा हुकूम लिहून ठेवलेला नाही. बिघाड ओळखण्याचेही असेच. फायबरच्या जोडीत एक धागा जाण्याचा आणि एक येण्याचा. त्यातला एकच तुटला तर एका टोकाला सगळे ठीक दिसू शकते. आणि राखीव वाट उघडली तरी पलीकडच्या स्विचांच्या तक्त्यांत जुनेच पत्ते राहिले, तर ते काही काळ बंद वाटेनेच माल पाठवत बसतात. त्यांना कळवावे लागते. बदललेली वाट बाकीच्यांना ठाऊक झाल्याशिवाय बदल पुरा होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत जुना. निम्मी केबल, निम्मी वाहिनी रिकामी ठेवायची हा अपव्यय नाही का? दोन्ही वापरा, दोन्हींवर भार वाटा, असे हिशेबनीस म्हणतो. वाटायला हरकत नाही, पण एक अट विसरली जाते: दोन्हींवर मिळून जितका भार आहे तितका एकटीने उचलता आला पाहिजे. दोन वाटा प्रत्येकी साठ टक्के भरून चालवल्या तर आपल्याकडे राखीव वाट नाही. आपल्याकडे एकच मोठी वाट आहे, आणि ती दोन ठिकाणी तुटू शकते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगराचा मोठा भाग अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघे या ४०० केव्ही वाहिनीच्या पहिल्या सर्किटवर देखभालीचे काम चालू होते, भार दुसऱ्यावर होता आणि दुसऱ्यात बिघाड झाला, असे ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. देखभालीत काही गैर नव्हते, बिघाड होणेही नवलाचे नव्हते. पण एक सर्किट दुरुस्तीला काढले त्या क्षणापासून राखीव म्हणून काही उरलेच नव्हते. बाहेरचे जाळे कोसळले तर मुंबईने स्वतःपुरते तुटून चालू राहावे अशी व्यवस्था १९८० च्या दशकापासून होती आणि तिचा लौकिकही होता. त्या दिवशी ती टिकली नाही. कारण शहराच्या आत तेव्हा होणारी निर्मिती शहराच्या मागणीला पुरण्यासारखी नव्हती. राखीव व्यवस्था ज्या काळी आखली त्या काळचा भार ती सांभाळते. भार वाढला, आखणी तीच राहिली, तर कागदावरची खात्री आणि खरी खात्री यांची फारकत होते. नेटवर्कमध्येही बॅकअप लिंक बहुतेक वेळा जुन्या, कमी वेगाच्या केबलची असते, कारण नवी घेतली तेव्हा जुनी टाकवली नाही.

त्या अंधारातून मुंबई बाहेर काढताना आपले तीन जलविद्युत संच आणि तुर्भ्याचे संच कामाला लावल्याचे टाटा पॉवरने सांगितले. औष्णिक केंद्र बंद पडले की पुन्हा सुरू व्हायला त्याला पंपांसाठी, पंख्यांसाठी बाहेरून वीज लागते आणि तास लागतात. पाण्याच्या संचाला झडप उघडली की काही मिनिटे पुरतात. खोपोली, भिवपुरी आणि भिरा यांची एकत्र क्षमता ४४७ मेगावॉट, त्यांत खोपोलीचे ७२. आजच्या मुंबईच्या मागणीपुढे हा आकडा किरकोळ आहे. १९१५ मध्ये वलवणचे पाणी ही मुख्य शक्ती होती आणि बंगालकडून येणारा महागडा कोळसा ही त्याआधीची, मागे पडत चाललेली सोय. १९५६ मध्ये तुर्भे येथे औष्णिक केंद्र उभे राहिल्यावर तराजू हळूहळू फिरला आणि आज पाणी हे ऐन गर्दीच्या तासांचे आणि आणीबाणीचे साधन झाले आहे. धरण तेच, नळांची वाट तीच. मुख्य आणि राखीव हे वस्तूचे गुण नसून नेमणुका आहेत, आणि नेमणूक बदलताना कोणी तरी ती जाणीवपूर्वक बदललेली असावी लागते. कोणी म्हणेल की शंभर वर्षांपूर्वीच्या धरणाला आणि घाटातल्या सांध्याला फेलओव्हरचे नाव चिकटवणे म्हणजे आजचा चष्मा कालच्या डोळ्यांवर चढवणे आहे. टाटांच्या इंजिनियरांना स्पॅनिंग ट्री सुचली होती असा माझा दावा नाही. त्यांच्यापुढची अडचण त्याच जातीची होती आणि त्यांनी केलेल्या निवडी आज तपासता येतात, एवढेच. शिवाय जुना इतिहास एक गोष्ट दाखवतो जी नेटवर्कच्या पुस्तकांत कधी येत नाही: दुसऱ्या वाटेची किंमत कोणी मोजली. मुंबईला तिसऱ्या खोऱ्यातून वीज मिळावी म्हणून मुळशीत धरण झाले आणि १९२१ ते १९२४ या काळात तिथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जमिनी गेल्या त्या गेल्याच. शहराच्या निश्चिंतीचा हिशेब मांडताना हा खर्च कोणत्याच खात्यात लिहिलेला नाही.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र भूगोलाचा आहे आणि वलवणपासून खाली पाहिले की तो लख्ख दिसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग हे दोन स्वतंत्र रस्ते आहेत असे आपण धरून चालतो. वलवणपाशी ते खरोखर वेगळे आहेत. पण खंडाळा उतरताना ते एकत्र येतात आणि आडोशी बोगद्याच्या खाली पुन्हा सुटतात. म्हणजे नेमक्या ज्या भागात दरड कोसळते त्या भागात दोन्ही रस्ते एकच आहेत. जुलै २०१५ मध्ये आडोशीजवळ दरड आली तेव्हा याचा अनुभव आला. रेल्वेला घाटात तीन मार्गिका आहेत, तरी तिन्ही एकाच डोंगराच्या अंगाखांद्यावरून जातात. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल ते नागनाथ या भागात नुकसान झाले तेव्हा मुंबई-पुणे गाड्या रद्द कराव्या लागल्या आणि लांब पल्ल्याच्या काही गाड्या दौंड-मनमाडमार्गे वळवाव्या लागल्या. ती खरी राखीव वाट: वेगळा घाट, वेगळा डोंगर, वेगळा पाऊस. आणि म्हणूनच कित्येक तास लांब. जवळची राखीव वाट स्वस्त असते, पण मुख्य वाटेबरोबरच बुडते. लांबची टिकते, पण महाग आणि संथ. यातून सुटका नाही, निवड तेवढी आहे. रूळांच्या कडेने जाणारे फायबर, रस्त्याच्या खोदाईतले फायबर, विजेच्या मनोऱ्यांवरच्या तारेत गुंफलेले फायबर, अशा तीन निरनिराळ्या कंपन्यांकडून जोडण्या घेऊन निश्चिंत झालेल्या संस्थेने एकदा तरी विचारावे की या तिन्ही घाट कुठे उतरतात. बिले तीन येतात, डोंगर एकच असू शकतो.

खोपोलीपासून कुसगावपर्यंत घाट टाळून जाणारा, लोणावळ्याच्या तलावाखालून बोगदा असलेला जो नवा मार्ग सरकारने हाती घेतला, त्याला लोक सरसकट 'मिसिंग लिंक' म्हणतात. त्याचे समर्थन अंतर आणि वेळ वाचण्याच्या भाषेत केले जाते. त्याचा मोठा लाभ माझ्या मते वेगळा आहे: पहिल्यांदाच या उतारावर दोन मोठे रस्ते एकमेकांपासून खरोखर अलग होतात. वाहतूक नव्या मार्गाने गेली की खंडाळ्याच्या वळणांवरचा रस्ता राखीव होईल, जसे वलवणचे पाणी झाले. तेव्हा दर मे महिन्यात त्या जुन्या रस्त्याच्या वरच्या अंगाचे सैल दगड कोण काढणार, गटारे कोण उपसणार, नवा बोगदा बंद करून वर्षातून एकदा सगळी वाहतूक तिकडे वळवून पाहण्याचा हुकूम कोणाच्या सहीने निघणार, हे लिहून ठेवायला हवे. स्विचवर फेलओव्हर बसवणारा चांगला इंजिनियर हेच करतो: रात्री, माणसे कमी असताना, चालू केबल हाताने उपसतो आणि राखीव पोर्टचा दिवा लागेपर्यंतचे सेकंद मोजून वहीत लिहितो.